थीम नंतर ठरवा, आधी दारं मोजा

नागपुरातल्या बंद टॉकीजचे मालक, त्या भाड्याने घेऊन 'थीम क्लब' काढू पाहणारी मंडळी आणि त्यांचे डेकोरेटर यांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

सीताबर्डी, सदर, महाल, इतवारी या भागांतल्या एकपडदा टॉकीज एकामागून एक बंद झाल्या. कुठे मंगल कार्यालय आलं, कुठे कपड्यांचा सेल लागला, कुठे गोदाम झालं. उरलेल्यांच्या फाटकाला कुलूप आणि आत कबुतरं. आता नवीनच बोलणं सुरू आहे, की टॉकीजमध्ये जुन्या सिनेमाच्या थीमचा क्लब काढायचा. पडद्याच्या जागी डीजे, बाल्कनीत लाउंज, भिंतीवर पोस्टरं, तिकीट खिडकीत बार.

या कल्पनेला आमचा विरोध नाही. जी वास्तू लोकांच्या करमणुकीसाठी उभी राहिली तिथे सिमेंटची पोती रचण्यापेक्षा माणसं नाचली तर बरंच आहे. जगात असं झालंही आहे. न्यूयॉर्कचा स्टुडिओ ५४ मुळात १९२७ चं ऑपेरागृह. पुढे तिथे दूरचित्रवाणीचा स्टुडिओ झाला, १९७७ मध्ये क्लब आणि १९९८ पासून पुन्हा नाटकं. लंडनचा कोको हा क्लब १९०० साली बांधलेल्या नाट्यगृहात आहे. मधल्या काळात ते सिनेमागृह होतं, बीबीसीचा रेडिओ स्टुडिओही होतं. स्टुडिओ ५४ ने रंगमंचावरची वर-खाली होणारी दोरखंडाची यंत्रणा तशीच ठेवून तिच्यावर दिवे आणि देखावे नाचवले. म्हणजे त्यांची थीम त्या वास्तूतूनच निघाली.

आपल्याकडे कामाचा क्रम उलटा लागतो. पहिला माणूस येतो तो डेकोरेटर. तो मोबाइलवर चित्रं दाखवतो, लकडगंजातून प्लायवूड येतं, गांधीबागेतून पडद्याचं कापड येतं आणि दारं, छत, वायरिंग यांची आठवण शेवटच्या आठवड्यात, परवान्याच्या अर्जाच्या वेळी होते. तोवर निम्मी दारं सजावटीखाली गेलेली असतात. हे पत्र त्या क्रमाबद्दल आहे.

जुनी टॉकीज बाहेरून कितीही कळकट दिसली तरी तिची हाडं सुरक्षिततेच्या हिशेबाने बांधलेली आहेत. त्याला कारण आहे. सुरुवातीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असायची. ती पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःच्याच घटकांतून सुटतो. कोडॅकने ती बनवणं १९५१ च्या सुमारास थांबवलं, तेव्हा कुठे 'सेफ्टी फिल्म' सगळीकडे आली. आपला १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा जितका सेन्सॉरचा होता तितकाच आगीच्या भीतीचाही होता. म्हणून मशीनच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या, केबिनच्या भिंती जाड असतात, तिचं दार प्रेक्षागृहात न उघडता बाहेरच्या जिन्यावर उघडतं आणि मशीनच्या झरोक्यांवर लोखंडी झडपा असतात. आच लागली की कडी वितळून झडप आपोआप खाली पडावी, अशी ती योजना होती. याच धाकातून बाजूच्या भिंतींत रस्त्याकडे किंवा गल्लीकडे बाहेर उघडणारी रुंद दारं आली. सातशे-आठशे माणसं इंटरव्हलला आणि शो सुटल्यावर काही मिनिटांत बाहेर काढायची, हे त्या दारांचं रोजचं काम होतं. डोअरकीपर सगळी दारं एकदम उघडायचा.

आता हिशेब करू. समजा हॉल १०० फूट लांब आणि ६० फूट रुंद, म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. त्यात १५० चौरस मीटर नाचायला, २४० टेबलांना, बाकी बार, मंच आणि कोठ्या. ढोबळ हिशेबाने नाचाच्या जागेत ०.६ चौरस मीटरला एक माणूस धरायचा, जेवणाच्या जागेत दीड चौरस मीटरला एक. म्हणजे २५० आणि १६०, वर चाळीसेक कर्मचारी. झाले ४५०. सपाट वाटेवरच्या दारासाठी माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते आणि जिन्यासाठी १०. म्हणजे ४५० माणसांना दारांची एकूण मोकळी रुंदी २.९ मीटर हवी. बाल्कनीत १२० जण बसवायचे तर याच हिशेबाने जिना १.२ मीटर येतो, पण अशा जागी आतून मोकळा दीड मीटरपेक्षा अरुंद जिना चालत नाही.

नुसत्या बेरजेने मीटर-मीटरची तीन दारं पुरली. पण आग लागते ती कुठल्या तरी एका दाराजवळच, त्यामुळे ते दार हिशेबातून वजाच धरा. म्हणून निदान चार दारं, वेगवेगळ्या बाजूंना. आठशे माणसांच्या टॉकीजला ती आधीच आहेत, तुम्हाला फक्त बुजवायची नाहीत. बुजतात कशी तेही सांगतो. एका दारासमोर बारचा काउंटर येतो. दुसऱ्याच्या बाहेर एसीचं आउटडोअर युनिट किंवा जनरेटर बसतो. तिसऱ्यावर आवाज बाहेर जाऊ नये म्हणून प्लायवूड ठोकतात. चौथ्याला फुकटे आत शिरू नयेत म्हणून साखळी. उरतं एकच, फोयरमधलं, आणि तिथे बाउन्सर, मेटल डिटेक्टर, कोट-बॅगांचा काउंटर आणि बिल वसूल करणारा माणूस.

बोस्टनचा कोकोनट ग्रोव्ह हा थीम क्लबच होता. नकली माडाची झाडं, छताला कापड. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तिथे ४९२ माणसं गेली. मुख्य दार फिरतं होतं, ते गर्दीने अडकलं. बाजूच्या काही दारांना कुलपं होती, काही आत उघडणारी होती. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ ला ५९ जण गेले, बहुतेक बाल्कनीतले, धुराने गुदमरून. आग खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत होती, धूर जिन्याने आणि वातानुकूलनाच्या वाटेने वर चढला आणि बाल्कनीत जादा खुर्च्या घालून एका बाजूची वाट बंद केलेली होती. टॉकीज ताब्यात घेणाऱ्याने उपहारची हकिगत करार करण्याआधी वाचावी.

दाराबद्दल अजून थोडं. कडी-कोयंडा काढून आडवी दांडी असलेलं पॅनिक हार्डवेअर बसवा. छातीचा धक्का लागला की दार उघडलं पाहिजे. बाहेरून कुणी शिरू नये ही काळजी रास्त आहे. त्यासाठी दार उघडलं की वाजणारी घंटा लावा, कुलूप नको. प्रत्येक दाराला एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. डोअरकीपर हीच तर तुमची थीम आहे, त्याला खाकी कपडे आणि बॅटरी द्या. तिकीट खिडकीसमोरचे लोखंडी नळ्यांचे रांगेचे पिंजरे सगळ्यांनाच ठेवावेसे वाटतात, आम्हालाही. एक माणूस मावेल एवढ्या त्या वाटेत ब्लॅकवाले वरून चढायचे. पण ते बाहेर पडण्याच्या वाटेत ठेवलेत तर सापळा आहे. एकच पिंजरा कापून भिंतीला लावा, बाकीचे हलवा.

आता सजावट. थर्मोकोल, फोम, फ्लेक्स, प्लास्टिकची फुलं आणि वेली, नकली गवत, पातळ प्लाय, मखमलीसारखं पॉलिएस्टर. थीम म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं बहुतेक इंधन आहे. सर्वांत वाईट म्हणजे अंड्याच्या ट्रेसारखा दिसणारा पॉलियुरेथेन फोम. 'साउंडप्रूफ' म्हणून तो विकतात, पण आवाज बाहेर जाणं तो थांबवत नाही, आतला वरच्या पट्टीतला घुमारा थोडा कमी करतो एवढंच. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या स्टेशन क्लबमध्ये २० फेब्रुवारी २००३ ला मंचावरच्या ठिणग्यांनी असाच फोम पेटला. नंतर तज्ज्ञांनी तशीच खोली उभारून पेटवून पाहिली, तेव्हा दीड मिनिटात आत जगणं अशक्य झालं. १०० माणसं गेली. बहुतेकांनी ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धाव घेतली होती. ब्राझीलच्या किस क्लबमध्ये २७ जानेवारी २०१३ ला २४२ गेले, तिथेही फोम आणि ठिणग्या. बुखारेस्टच्या कोलेक्टिव्हमध्ये ३० ऑक्टोबर २०१५ ला ६४, पुन्हा तेच. आपल्याकडे मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला १४, आणि डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात अर्पोऱ्याच्या क्लबमध्ये २५. 'कोल्ड पायरो' नावावर जाऊ नका. धातूची पूड जळूनच ती ठिणगी होते. बंद हॉलमध्ये ती, अनार, फवाऱ्याची मेणबत्ती, यातलं काहीही नको, वाढदिवस कुणाचाही असो. हुक्का तर राज्यात २०१८ पासून बंदच आहे.

आवाज शोषायला दगडी लोकर किंवा काचेची लोकर घ्या, ५० मिलिमीटर जाडीची, वरून काचधाग्याचं कापड. ती पेटत नाही. पडदे सुती घ्या आणि त्यांना क्षार पाजा: शंभर भाग पाण्यात सात भाग टाकणखार आणि तीन भाग बोरिक आम्ल, कापड पूर्ण भिजवून न पिळता वाळवायचं. हे सुती आणि तागाच्या कापडालाच चालतं, पॉलिएस्टरला नाही, आणि एकदा धुतलं की सगळं पाण्यात जातं. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर विसंबण्याऐवजी प्रत्येक मालाची अर्धा इंच रुंद, चार इंच लांब पट्टी कापा, बाहेर अंगणात चिमट्यात धरून बारा सेकंद काडीची ज्योत लावा. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत विझली पाहिजे आणि जळते थेंब पडता कामा नयेत. थेंब पडले तर तो माल परत पाठवा.

आता वर पाहू. छत हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग भाग.

जुन्या टॉकीजच्या भिंती नऊ इंची किंवा त्याहून जाड विटांच्या, पण डोक्यावर मात्र लोखंडी कैच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, आणि त्यांवर सिमेंटचा पत्रा, ज्यात ॲस्बेस्टॉस असतं. वजनाचा फरक बघा. प्लास्टरसह नऊ इंची भिंत चौरस मीटरला ४३० किलोच्या आसपास, तर पत्रा बाराच्या. आवाज अडवण्याचा ढोबळ नियम असा, की वजन दुप्पट झालं की सहा डेसिबल जास्त अडतात, आणि सूर जितका खर्जातला तितकं अडणं अवघड. ६३ हर्ट्झला, म्हणजे सबवूफर जिथे धडधडतो तिथे, ही भिंत कागदावर चाळीसेक डेसिबल अडवते आणि पत्रा दहा. आत १०५ असेल तर पत्र्यावर ९५. थोडक्यात तुमचा ठेका भिंतीतून जाणार नाही, तो छतातून निघून शेजारच्या तिसऱ्या मजल्यावर उतरेल. भिंतींना फोम चिकटवून तक्रारी का थांबत नाहीत याचं उत्तर हे आहे.

नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद जागेतच चालेल आणि व्यापारी भागात रात्रीची मर्यादा ५५ डेसिबल, निवासी भागात ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ४०. खासगी जागेच्या हद्दीवर तुमचा आवाज त्या भागाच्या मर्यादेच्या ५ डेसिबलहून जास्त वर जायला नको. पण हे सगळं 'ए' मापात आहे, आणि 'ए' माप ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी दाखवतं. म्हणून मीटरवर सगळं ठीक आणि शेजारणीच्या खिडकीची तावदानं थडथड, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. चाचणी करताना मीटर 'सी' मापावर ठेवूनही वाचा, ते खर्ज फारसा कमी दाखवत नाही. दोन आकड्यांत पंधरा-वीसचा फरक आला तर तुमचा त्रास खर्जाचा आहे.

उपाय म्हणजे खोलीत खोली. पूर्ण हॉलला नको, नाचाच्या १५० चौरस मीटरपुरती. स्वतःच्या खांबांवर उभी असलेली लोखंडी चौकट, खांबांखाली रबरी पॅड, वर आणि बाजूंना साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येऊ देता, आत लोकर. चौरस मीटरला २० किलो, म्हणजे नुसतं छत तीन टन. हे कैच्यांना टांगायचा मोह सगळ्यांनाच होतो. टांगू नका. त्या कैच्यांचा हिशेब पत्रा, वारा आणि दुरुस्तीला चढणारी चार माणसं यांचा आहे. साउंडचे डबेही तसेच. एका बाजूला सहा डबे टांगले तर अडीचशे किलो सहज होतात, आणि टांगणारा पोऱ्या साखळी नेमकी कैचीच्या खालच्या दांडीच्या मधोमध बांधतो, सांध्यावर नाही. दांडी वाकते. डबे जमिनीवर रचा किंवा स्वतंत्र मनोऱ्यांवर चढवा. आणि पत्र्याला ड्रिल लावू नका, कापू नका. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी त्रास देतात. पत्रा बदलायचाच असेल तर ओला करून, अख्खाच्या अख्खा उतरवायचा.

पत्रा आणि तुमचं डोकं यांच्या मध्ये एक नक्षीचं छत असतं, गोल-गोल कड्यांचं, कधी घुमटासारखं. तेच तुमच्या जाहिरातीच्या फोटोत येणार आहे. ते काथ्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे वळ करून वरच्या लाकडांना बांधलेलं असतं. लंडनच्या अपोलो नाट्यगृहात १९ डिसेंबर २०१३ ला खेळ सुरू असताना असंच छत कोसळलं, सत्तरहून जास्त लोक जखमी झाले. तिथेही तागाचं कापड आणि प्लास्टर यांचे जुने बंध जीर्ण झाले होते. नागपूरच्या पत्र्यातून पावसाळ्यात गळतं, वळ ओला होतो, मे महिन्यात वाळून ठिसूळ होतो, आणि त्याला तुम्ही रोज रात्री चार तास खर्जाने हलवणार. तेव्हा कुणाला तरी वर पाठवाच. छताच्या प्लास्टरवर पाय न देता, कैचीवर फळ्या टाकून, बॅटरीने एकेक बंध पाहायचा, हाताने ओढायचा, खडूने खूण करायची. ढिला निघाला तिथे तारेचा नवा बंध आणि खालून पत्र्याची चकती. वर जाण्याआधी कबुतरांच्या विष्ठेवर पाणी मारा आणि नाका-तोंडाला एन-९५ लावा. कोरडी झाडलीत तर तिची बुरशी श्वासात जाते. आणि वेल्डिंग करायचंच असेल तर पाण्याची बादली घेतलेला माणूस काम संपल्यावरही तासभर तिथेच बसवा. वर सांगितलेल्या कोकोला जानेवारी २०२० मध्ये आग लागली ती नूतनीकरण सुरू असतानाच. तो पुन्हा उघडायला २०२२ उजाडलं.

खुर्च्या काढल्या की हॉल बदलतो, हेही कुणी सांगत नाही. आठशे गादीच्या खुर्च्या मिळून तीनशे चौरस मीटरच्या उघड्या खिडकीतून जाईल इतका आवाज सहज खातात. वरच्या मापाचा हॉल ३० फूट उंच असेल तर घनफळ ५,००० घनमीटरच्या पुढे. खुर्च्यांसकट शोषण ६०० असेल तर घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, १.४ सेकंद. खुर्च्या गेल्या की तेच २.७. मग डीजे आवाज वाढवतो, कारण त्याला शब्द ऐकू येत नाहीत, आणि आवाज वाढला की घुमणारा आवाजही तितकाच वाढतो. गेलेलं शोषण आधी भिंतींवर आणि मागच्या बाजूला परत आणा, नंतर ॲम्प्लिफायर विकत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. गिऱ्हाईक दोन तासांनी घरी जातं, बारमागचा पोरगा रोज तिथेच असतो. त्याच्यासाठी कानात घालायचे बोळे ठेवा.

उताराच्या जमिनीबद्दल. ती सपाट करायला मागच्या उंचीपर्यंत मलबा भरला तर पडद्याजवळची बाजूची दारं खड्ड्यात जातात आणि तिथे पायऱ्या कराव्या लागतात. अंधारात, धुरात, पिऊन, त्या पायऱ्या कुणाला दिसणार? उतार तोडून दोन-तीन रुंद टप्पे करा, प्रत्येक टप्पा एखाद्या दाराच्या उंबऱ्याशी जुळवा आणि टप्प्याच्या कडेला दिव्याची पट्टी लावा. नाचाची जागा पडद्याकडच्या सर्वांत खालच्या टप्प्यावर, पक्क्या जमिनीवर. बाल्कनीत नाच कदापि नको. बसवलेल्या खुर्च्यांच्या सभागृहाचा भार चौरस मीटरला ४०० किलो धरतात, मोकळ्या जागेचा ५००. पण खरा प्रश्न ठेक्याचा आहे. १२० च्या लयीचं गाणं म्हणजे सेकंदाला दोन उड्या. शंभर माणसं एकदम उडाली आणि पुढे झुकलेल्या बाल्कनीची स्वतःची झुलण्याची गती त्या पटीत बसली, तर ती झोका घेते. बाल्कनीत जड सोफे ठेवा, जमिनीला बोल्ट करून.

थंडाव्याचा हिशेब नागपूरकराला शिकवायला नको, पण टॉकीजच्या वेळचा हिशेब इथे लागू होत नाही. तेव्हा वाळ्याच्या ताट्या आणि मोठा पंखा पुरायचा, कारण माणसं बसलेली असायची आणि हवा दुसरीकडून बाहेर जायची. नाचणारा माणूस अडीचशे वॅट उष्णता टाकतो. सगळे ४५० नाचताहेत असं धरलं तर एसीचे झाले ३२ टन. माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा द्यायची आणि मे अखेरच्या नवतप्यात रात्री अकराला बाहेर ३६ अंश असेल तर त्या हवेचे आणखी १८. म्हणजे दिवे, स्वयंपाकघर आणि तापलेला पत्रा धरण्याआधीच ५० टन. २३ मे २०१३ ला या शहराने ४७.९ अंश पाहिलेत. तो पत्रा मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो. वीज वाचवायची म्हणून ताजी हवा बंद करतात, मग अकरा वाजता लोकांना गरगरायला लागतं आणि सगळे म्हणतात पोरांना दारू चढली.

विजेचं थोडक्यात. जुनी लाकडी पट्टीतली वायर पूर्ण काढा, जोड देऊ नका. एलईडीचे ड्रायव्हर आणि ॲम्प्लिफायर न्यूट्रलवर जादा भार टाकतात, म्हणून न्यूट्रल फेजच्या जाडीपेक्षा कमी नको. मुख्य पॅनेल आणि जनरेटर तळघरात नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या पाण्याने शहरातली किती तळघरं भरली ते आठवा. आणि एक रिले न चुकता बसवा: आगीचा इशारा वाजला की ॲम्प्लिफायरची वीज तुटली पाहिजे आणि हॉलचे पांढरे दिवे आपोआप लागले पाहिजेत. संगीत चालू असताना भोंगा कुणाला ऐकू येत नाही, आणि धूर दिसला तरी लोक त्याला फॉग मशीन समजतात. दर शनिवारी गर्दी येण्याआधी हे बटण दाबून पाहा.

केबिनमधली मशीनं मात्र जपा. तुमच्याकडची खरी थीम तीच आहे. फोयरमध्ये मशीन ठेवायचं असेल तर हलवण्याआधी झेनॉनचा दिवा जाणत्या ऑपरेटरकडून काढून घ्या. थंड असतानाही त्याच्या आत हवेच्या आठ-दहा पट दाब असतो. तोंडावर जाळी आणि हातात जाड मोजे नसतील तर फुटलेली काच डोळ्यांत जाते. त्याहून जुनं, कार्बनवर चालणारं मशीन असेल तर सोबत पाऱ्याचा रेक्टिफायर असू शकतो, काचेचा मोठा फुगा. तो भंगारवाल्याला देऊ नका, फुटला तर सगळ्या खोलीत पारा. कार्बनच्या कांड्या, रीळ गुंडाळायचं टेबल, फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या, हे सगळं काचेआड ठेवा आणि शेजारी लिहा की हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालायचं आणि म्हणून दोन मशीनं लागायची. चित्रपटाच्या धंद्यात आजही हा टापू 'सी.पी. बेरार', म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणूनच ओळखला जातो. पेट्यांवर तो शिक्का असेल तर पुसू नका. मुंबईच्या नट-नट्यांचे कटआउट कुठल्याही शहरात लावता येतात.

तसंही पोस्टर विकत घेतलं म्हणजे त्याची भिंतभर नक्कल छापायचा हक्क मिळत नाही. चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तर गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. गाणं जुनं म्हणून फुकट, असं नाही. मुद्रणासाठी वेगळा परवाना लागतो, शब्द आणि चालीसाठी वेगळा.

परवान्यांची वाट तुम्हाला एजंट दाखवेलच. त्याने सांगायच्या राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. टॉकीजचा जुना सिनेमाचा परवाना क्लबला उपयोगी नाही, महापालिकेकडून वापरबदल घ्यावा लागतो, आणि वास्तू वारसा यादीत असेल तर आधी वारसा समितीकडे जावं लागतं. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली आगीची यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. एकदा घेऊन फ्रेम करायची वस्तू नाही ती. बिअर २१ वर्षांच्या पुढे, कडक मद्य २५ च्या पुढे. कॉलेजच्या पोरांवर धंद्याचा हिशेब मांडला असेल तर तो पुन्हा मांडा.

आणि करारावर सही करण्याआधी हॉलमध्ये दोनदा जा. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला, एकदा जुलैत धो-धो पाऊस सुरू असताना. पहिल्या फेरीत कळेल छत किती तापतं, दुसरीत कळेल ते कुठे गळतं. सोबत शंभर फुटी टेप, शिडी, बॅटरी, खडू आणि एक स्ट्रक्चरल इंजिनीअर. प्रत्येक दार स्वतःच्या हाताने बाहेर ढकलून पाहा आणि त्यापुढची वाट रस्त्यापर्यंत चालून जा. बऱ्याच टॉकीजच्या मागच्या गल्लीत आता शेजाऱ्याची भिंत उभी आहे, आणि ते दार नकाशातच उघडतं. तसं निघालं तर भाडं ठरवताना नव्हे, माणसांचा आकडा ठरवताना ते वजा करा. डेकोरेटरला तिसऱ्या फेरीला बोलवा.

आपली,
केबिन, छत, साउंड आणि वायरिंगच्या कामात असलेली काही माणसं
नागपूर